मेस्सी पाहून झाला असेल, तर आता राहुल भेकेबद्दल बोलूया



पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा. पण घरात आठ ते अठरा वयाचं पोर फुटबॉल खेळत असेल, तर आजच वाचा.

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर येऊन गेला. हजारो रुपयांची तिकिटं काढून लोक गेले, आपल्याकडूनही गेले. हौसेला मोल नसतं, माझी काही तक्रार नाही. पण संध्याकाळी कामोठे, कळंबोली, खांदा कॉलनी, खारघर, कुठल्याही टर्फवर जा आणि दहा नंबरची जर्सी घातलेल्या पोराला एक प्रश्न विचारा. आपल्या मुंबईत जन्मलेला, आडनावाने मराठी, डिफेंडर म्हणून खेळणारा आणि कॅप्टन म्हणून इंडियन सुपर लीगची ट्रॉफी उचललेला खेळाडू कोण? दहातली नऊ पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. त्यांच्या बापांचंही तसंच होईल.

त्याचं नाव राहुल भेके. जन्म ६ डिसेंबर १९९०, मुंबई.

आज त्याच्याबद्दल लिहितोय ते "आपला मराठी माणूस" म्हणून छाती फुगवायला नाही. भेकेची कारकीर्द नीट बघितली की आपल्या पनवेलमध्ये फुटबॉलचं नेमकं काय चुकतंय ते दिसतं. म्हणून लिहितोय.

आधी माणूस समजून घेऊ.

भेके मुंबई एफसीकडून आय-लीग खेळला. मग कोलकात्याला ईस्ट बंगालकडे गेला. मधे लोनवर केरळ ब्लास्टर्स, मग एफसी पुणे सिटी. २०१७ मध्ये बंगळुरू एफसीने त्याला घेतलं, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. तोपर्यंत फुटबॉल बारकाईने बघणारे सोडले तर त्याला ओळखणारे थोडेच. एप्रिल २०१८ मध्ये सुपर कपची फायनल झाली, समोर त्याचाच जुना क्लब ईस्ट बंगाल. बंगळुरू एका गोलने मागे पडलं होतं. बरोबरीचा गोल भेकेने केला आणि पुढे बंगळुरूने सामना ४-१ असा जिंकला.

पुढच्या वर्षी, १७ मार्च २०१९ ला, आयएसएलची फायनल अंधेरीच्या मैदानावर झाली. बंगळुरू विरुद्ध गोवा. नव्वद मिनिटं गोल नाही. एक्स्ट्रा टाइम संपत आला, पेनल्टी शूटआउटची तयारी मनात सुरू झाली. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि भेकेने हेडर मारला. १-० झालं. बंगळुरूचं पहिलं आयएसएल विजेतेपद मुंबईच्या पोराने मुंबईच्याच मैदानावर मिळवून दिलं. आणि तो होता डिफेंडर, ज्याचं काम गोल करणं नसून गोल होऊ न देणं असतं.

यानंतर कुठे भारताच्या संघाचं दार उघडलं. ५ जून २०१९, थायलंडमधला किंग्ज कप, समोर क्युरासाओ. सामना आपण ३-१ ने हरलो. तेव्हा भेकेचं वय साडेअठ्ठावीस होतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

२०२१ मध्ये तो मुंबई सिटीकडे आला. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिलाच सामना. विजयी गोल भेकेचा, तोही हेडरच.

आणि मग २०२३-२४ चा हंगाम, कॅप्टनची पट्टी भेकेच्या दंडावर. हा हंगाम मला त्याच्या सगळ्या ट्रॉफ्यांपेक्षा मोठा वाटतो, कारण सुरुवातीला तो पार फसला होता. चॅम्पियन्स लीगच्या गटात सौदीचा अल हिलाल आला. नेमारचं नाव निघालं आणि सगळ्यांनी तिकिटांची चौकशी सुरू केली. नेमार दुखापतीमुळे आलाच नाही. रियाधला मुंबई ६-० ने हरली. ६ नोव्हेंबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, म्हणजे आपल्यापासून लोकलने अर्ध्या तासावर, २-० ने हरली. गटातले सहाच्या सहा सामने हरले. त्याच नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडला निघून गेले. अर्ध्या हंगामात पीटर क्रॅटकी हे नवे प्रशिक्षक आले.

१५ एप्रिल २०२४ ला लीगचा शेवटचा सामना, कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, मोहन बागानविरुद्ध. बरोबरी झाली असती तरी लीग शिल्ड मुंबईची होती. २-१ ने हरले, शिल्ड गेली. सेमीफायनलला गोव्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत ०-२ ने मागे. तिथून शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल करून ३-२ ने जिंकले. आणि ४ मे ला पुन्हा तेच सॉल्ट लेक, समोर तोच मोहन बागान, साठ हजारांवर लोक विरोधात ओरडतायत. पहिला गोल बागानचा. तरीही निकाल मुंबई ३, मोहन बागान १.

एकोणीस दिवसांपूर्वी जिथे मान खाली घालून बाहेर पडले, तिथेच भेकेने ट्रॉफी उचलली. वय तेहेतीस.

त्यानंतर तो परत बंगळुरूला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मलेशियाविरुद्ध भारतासाठी पहिला गोल केला. चौतिसावा वाढदिवस अडीच आठवड्यांवर होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

आपल्याकडे "टॅलेंट" म्हणजे काय समजतात? दहा-बारा वर्षांचं पोर, पायात बॉल, चार जणांना चकवतंय आणि बाप मोबाइलवर रील काढतोय. निवड चाचण्याही बहुतेक लहान वयाच्या. राज्य सरकारच्या नव्या महादेवा योजनेचा भरही तेरा वर्षांखालच्या मुला-मुलींवर आहे. चांगली गोष्ट आहे, लवकर सुरुवात व्हायलाच हवी. पण तेराव्या वर्षी जो निवडला गेला नाही त्याचं काय? सोळाव्या वर्षी ज्याची उंची वाढली, अठराव्या वर्षी ज्याला खेळ समजायला लागला, त्याचं काय? भेकेला देशाची जर्सी साडेअठ्ठावीसाव्या वर्षी मिळाली. म्हणजे तेराव्या वर्षानंतर पंधरा वर्षं. त्या पंधरा वर्षांत त्याला एकच गोष्ट तारून नेत होती. कुठला ना कुठला क्लब होता, कुठली ना कुठली लीग होती आणि दर आठवड्याला सामना होता.

डिफेंडर तर असाच घडतो. स्ट्रायकरचा वेग आणि चपळाई लहानपणीच दिसते. डिफेंडरला जे लागतं ते म्हणजे अंदाज. कुठे उभं राहायचं, कधी पुढे जायचं, कधी थांबायचं, शेजारच्याला कधी ओरडून सांगायचं. हे शिबिरात कोनांभोवती पळून येत नाही. शेकडो सामने खेळून, चुका करून, गोल खाऊन येतं. कॅप्टनपण तसंच. आपल्या चुकीने संघ हरला आणि पुढच्या रविवारी परत त्याच दहा जणांसमोर उभं राहायचं, हे ज्याने पन्नास वेळा केलंय तोच सॉल्ट लेकला शांत राहतो.

आपण रायगडवाले हे समजू शकत नाही असं मी मानत नाही. आपण कबड्डीवाले. गावच्या मैदानावर डावा कोपरा आणि उजवा कोपरा कोण आहे हे आपण आधी बघतो. चढाईला टाळ्या पडतात, पण सामना पकडीवर फिरतो हे शेंबडं पोरही सांगेल. एखाद्या कोपऱ्याने शेवटच्या चढाईत घोटा धरला की अख्खं गाव त्याला खांद्यावर घेतं. मग फुटबॉलला आलो की अक्कल गहाण का ठेवतो? ज्याला पळता येत नाही त्याला मागे उभं करायचं, ही कुठली पद्धत? कोचमंडळींनो, तुम्हालाही सांगतोय. शिबिरात शिक्षा म्हणून पोराला डिफेन्सला पाठवणं बंद करा.

आता पनवेलमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला वर्षभरात किती खरे सामने मिळतात ते मोजा. शाळेकडून सुब्रतो कप. तो बाद फेरीचा, पहिला सामना हरलात की वर्ष संपलं. मग कुठल्या तरी दादांच्या वाढदिवसाची एकदिवसीय स्पर्धा. दहा-दहा मिनिटांचे सामने, पाच-पाच खेळाडू, डीजे जोरात, बक्षीस समारंभ दोन तास. तिथे पोरगं काय शिकणार? दर शनिवार-रविवारी सामना, घरचं मैदान, बाहेरचं मैदान, गुणतक्ता, असं वर्षातून सहा-सात महिने चालणारं काही पनवेलच्या पोराला घराजवळ मिळतं का? जरा बरा खेळणारा पोरगा मग मुंबईच्या स्पर्धांकडे बघतो. पनवेलहून सीएसएमटी सव्वा ते दीड तास, तिथून पुढे कूपरेज, आणि तितकंच परत. एका सामन्यासाठी अख्खा दिवस. नववीपर्यंत आई-बाप करतात. दहावी आली की बूट माळ्यावर.

मैदानांचंही तेच. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. आज आपल्याकडे विमानतळ आहे. खारघरला सिडकोचं गोल्फ कोर्स आहे. सिडकोने खारघरमध्येच फुटबॉलचं सेंटर ऑफ एक्सलन्स हातात घेतलं, आंतरराष्ट्रीय दर्जाचं सरावाचं मैदान केलं, पुढे मोठ्या स्टेडियमचा आराखडा आहे. नेरुळला १७ वर्षांखालच्या मुलांच्या वर्ल्डकपचे सामने झाले (२०१७), महिलांच्या आशिया चषकाची फायनल झाली (२०२२), १७ वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्डकपची फायनलही झाली (२०२२). म्हणजे जगातले संघ आपल्या दारात येऊन खेळून गेले. आणि आपलं पोर? ते टर्फच्या जाळीला नाक लावून बघतंय, कारण आत जायचं तर तासाचे पैसे वर्गणी काढून भरायचे. ज्याच्या घरातून महिन्याला हजार-दीड हजार निघतात त्याचा सराव होतो, ज्याच्या घरातून निघत नाहीत त्याचा होत नाही. आणि टर्फवर पाच-सहा जणांचा खेळ असतो. अकरा जणांच्या मैदानावर ऑफसाइडची रेषा कशी धरायची हे तिथे डिफेंडर शिकूच शकत नाही.

टर्फवाल्यांवर राग नाही, तो त्यांचा धंदा आहे. राग याचा आहे की दुसरा पर्यायच ठेवलेला नाही. मोकळं मैदान दिसलं की तिथे कधी मांडव, कधी प्रदर्शन, कधी सभा, आणि उरलेल्या दिवशी गाड्या.

"पण फुटबॉलमध्ये भवितव्य काय?" हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच त्याच्याशी प्रामाणिकपणे बोलतो.

प्रश्न रास्त आहे. भेके ज्या क्लबांमधून आला त्यातले किती उरले बघा. मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली गेला आणि बंद पडला. पुणे सिटी २०१९ मध्ये बंद. त्याआधी महिंद्रा युनायटेड, ज्यांनी २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली होती, २०१० मध्ये गुंडाळलं गेलं. १८९१ ला सुरू झालेला आपल्या मुंबईचा रोव्हर्स कप या शतकाच्या सुरुवातीलाच थांबला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तर आयएसएल कधी सुरू होणार हेच ठरेना, म्हणून बंगळुरू एफसीने आपल्या पहिल्या संघाचे पगार थांबवले. भेकेचा क्लब, सुनील छेत्रीचा क्लब. देशाकडून खेळणाऱ्यांना पगाराची वाट बघायला लागली. भारत २०२७ च्या आशिया चषकासाठी पात्रही ठरला नाही. शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं आणि १४ फेब्रुवारी २०२६ पासून छोट्या स्वरूपात लीग घ्यायचं ठरलं.

हिशोबही करून टाकू. आयएसएलमध्ये १४ क्लब. प्रत्येकी पंचवीस भारतीय खेळाडू धरले तर साडेतीनशे जागा, एकशे चाळीस कोटींच्या देशात. त्यामुळे कोणी अकॅडमीवाला "तुमच्या मुलाला आयएसएलमध्ये पोचवतो" म्हणून फी मागत असेल, तर हात जोडून बाहेर पडा. आणि पोराचं शिक्षण सोडवू नका. बिलकुल नाही.

पण याच कारणासाठी मैदान आणि लीग ही पालिकेची जबाबदारी ठरते. क्लब येतील, क्लब जातील. मालकाचा मूड बदलला की जर्सी बदलते. टिकतं ते गावातलं मैदान आणि गावातली लीग. गोव्याकडे बघा. तिथेही नामांकित क्लब मागे पडले, पण गावागावात मैदान आहे, सामने आहेत, संध्याकाळी कठड्यावर बसून बघणारे म्हातारे आहेत. म्हणून इतक्या छोट्या राज्यातून खेळाडू येत राहतात. सगळे प्रोफेशनल होत नाहीत. कोणी रेल्वेत, पोलिसात खेळाडू कोट्यातून लागतो, कोणी पंच होतो, कोणी कोच, आणि बाकीचे तब्येतीने धड राहतात. तेही काही कमी नाही.

जानेवारीत आपण पालिकेत ७८ नगरसेवक निवडून दिले. प्रचारात "क्रीडा संकुल" हा शब्द बऱ्याच जणांनी वापरला. संकुल राहू द्या. त्यात दहा वर्षं जातील आणि फीत कापायला गर्दी होईल. त्याआधी एवढं करा:

१) पनवेल महापालिका फुटबॉल लीग. १३, १५, १७ आणि २० वर्षांखालील, मुलं आणि मुली दोन्ही. ऑक्टोबर ते मे, दर शनिवार-रविवार, साखळी पद्धतीने. प्रत्येक संघाला किमान वीस सामने. यासाठी स्टेडियम लागत नाही. सपाट माती, दोन गोलपोस्ट, चुना, पंचाचं मानधन आणि एक प्रथमोपचाराची पेटी लागते.

२) प्रत्येक भागात, म्हणजे खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, जुनं पनवेल आणि तळोजा, अकरा जणांच्या खेळाचं किमान एक मैदान ठरवा. आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी ते फुकट आणि फक्त खेळासाठी. त्या वेळी मांडव नाही म्हणजे नाही, मग सभा कोणत्याही पक्षाची असो.

३) खारघरच्या सेंटर ऑफ एक्सलन्समध्ये स्थानिक शाळांना आणि लीगमधल्या संघांना किती तास मिळणार, त्याचं वेळापत्रक सिडकोने जाहीर करावं. मोठे संघ सरावाला येवोत, आनंदच आहे. पण ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं त्या गावांतल्या पोरांना आत पाय ठेवता आला पाहिजे.

४) सतरा ते एकवीस या वयासाठी शिष्यवृत्ती. रक्कम मोठी नको, लोकलचा पास, बूट आणि खाण्यापुरती. आपली पोरं याच वयात गळतात, आणि भेकेसारखा डिफेंडर याच वयात घडत असतो.

५) स्थानिक तरुणांना पंच आणि कोचचं प्राथमिक प्रशिक्षण. पंचच नसेल तर लीग दुसऱ्या आठवड्यात मारामारीने बंद पडते, हे सगळ्यांना माहीत आहे.

खर्च किती येईल? एका चौकाच्या सुशोभीकरणाची फाइल काढा, शेजारी ही यादी ठेवा आणि स्वतःच ठरवा.

पालकांना दोन शब्द. तुमचा पोरगा किंवा पोरगी गोल करत नसेल, मागे उभी राहत असेल, तर तिला "तू कधी गोल मारणार?" असं विचारू नका. "आज किती वेळा वाचवलंस?" असं विचारा. आणि तेराव्या वर्षी निवड झाली नाही म्हणून बूट माळ्यावर टाकू नका.

भेके आज पस्तिशीत आहे. डिफेंडरच्या हिशोबाने उतरणीचे दिवस. त्याच्या जागी उद्या कोण, याचं उत्तर पनवेलमधून यावं अशी माझी इच्छा आहे. पण इच्छेने डिफेंडर तयार होत नाहीत, दर रविवारच्या सामन्याने होतात.

कमेंटमध्ये एवढंच लिहा: तुमच्या प्रभागात अकरा जणांचं फुटबॉल खेळता येईल असं मैदान कुठे आहे आणि आठवड्यातून किती संध्याकाळी ते पोरांना मोकळं मिळतं. नुसतं "छान पोस्ट" नको. यादी तयार झाली की सगळे मिळून पालिकेत देऊ. तुमच्या नगरसेवकाला टॅग करा, पक्ष कुठलाही असो.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कुठे नाही पटलं ते सांगा.